ओएसपीएफ ग्रेसफुल रिस्टार्ट: लिनक्स राउटरवर एफआरआरमध्ये पहिल्यांदा बसवताना

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपसात मार्ग ठरवण्याचा प्रोटोकॉल आणि एफआरआर म्हणजे लिनक्सवर तो चालवणारे राउटिंग सॉफ्टवेअर. राउटरवरचा ओएसपीएफ डिमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा सुरू करायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शेजारचे राउटर त्याला यादीतून काढतात, सगळ्या एरियात (नेटवर्कच्या भागात) नवे एलएसए, म्हणजे लिंकची खबर देणारे निरोप, फिरतात आणि वाहतूक दुसरीकडे वळते. डिमन परत आला की हे सगळे उलट्या दिशेने पुन्हा घडते. खरे तर पॅकेट पुढे पाठवण्याचे काम लिनक्स कर्नेल करतो. त्याच्याकडे मार्गांचा तक्ता असेल तर डिमन क्षणभर नसल्याने काही अडत नाही. ग्रेसफुल रिस्टार्ट म्हणजे या मधल्या वेळापुरता शेजाऱ्यांशी केलेला करार: "मी परत येतोय, तोवर मला यादीतून काढू नका."

करार म्हटला की दोन बाजू आल्या. नवखा माणूस बहुतेक वेळा रिस्टार्ट होणाऱ्या राउटरवरच सेटिंग करतो आणि मग ते चालले नाही म्हणून तासभर लॉग वाचत बसतो. या सोयीचा निम्म्याहून जास्त भार शेजारी उचलतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची.

एक सूचना आधीच. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करा. जोडरेघ जिथे दिसते तिथे ती हवीच. आकडेही अर्थात इंग्रजी.

आत काय घडते

ओएसपीएफव्ही२ साठीची पद्धत नोव्हेंबर २००३ च्या आरएफसी ३६२३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आहे, ओएसपीएफव्ही३ साठीची जून २००८ च्या आरएफसी ५१८७ मध्ये. इथे व्ही२ बघू.

रिस्टार्ट होण्यापूर्वी राउटर प्रत्येक इंटरफेसवर एक ग्रेस-एलएसए पाठवतो. हा टाइप ९ चा ओपेक (जादा माहिती वाहून नेणारा) एलएसए असतो, म्हणजे त्या लिंकपुरताच. थेट जोडलेल्या शेजाऱ्यापलीकडे तो जात नाही. त्यात तीन गोष्टी असतात: किती सेकंद थांबायचे, रिस्टार्टचे कारण आणि, ब्रॉडकास्टसारख्या नेटवर्कवर, पाठवणाऱ्याचा इंटरफेस पत्ता. कारण एका आकड्यात लिहिलेले असते. ० म्हणजे अज्ञात, १ म्हणजे सॉफ्टवेअर रिस्टार्ट, २ म्हणजे रीलोड किंवा अपग्रेड, ३ म्हणजे राखीव कंट्रोल प्रोसेसरवर बदल.

तो वाचून शेजारी हेल्पर होतो. मधल्या काळात हॅलो ("मी आहे" असे ठरावीक वेळाने सांगणारी पॅकेट) आले नाहीत तरी तो स्वतःच्या राउटर-एलएसएमध्ये ही लिंक चालू असल्याचे सांगत राहतो. त्यामुळे बाकीच्या नेटवर्कला काही घडल्याचे कळतच नाही. रिस्टार्ट होणारा राउटरही परत आल्यावर लगेच नवे एलएसए काढत नाही आणि कर्नेलमधल्या मार्गांना हात लावत नाही. सर्व शेजाऱ्यांशी जोडणी पुन्हा पूर्ण झाली की मग तो आपला राउटर-एलएसए नव्याने काढतो, एसपीएफ (सर्वांत जवळच्या वाटेचे गणित) चालवतो, शिळे मार्ग झाडतो आणि ग्रेस-एलएसए मागे घेतो.

करार मोडण्याची कारणे दोन: मुदत संपणे, किंवा मधल्या काळात टोपॉलॉजी (नेटवर्कची रचना) बदलणे. दुसरे कारण नीट लक्षात ठेवा. प्रत्यक्षात त्रास तिथूनच होतो.

लॅब

तीन राउटर पुरतात, एका सरळ रेषेत: अ, ब आणि क. व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, नेटवर्क नेमस्पेस, काहीही चालेल. अ आणि ब यांच्यात १०.०.१२.०/२४, ब आणि क यांच्यात १०.०.२३.०/२४. अ च्या मागे १०.०.१.०/२४ मध्ये एक होस्ट, क च्या मागे १०.०.३.०/२४ मध्ये दुसरा. रिस्टार्ट ब चा करायचा, कारण सगळी वाहतूक त्याच्यातूनच जाते आणि पर्यायी वाट नाही. चूक झाली तर पिंग लगेच सांगेल.

तिन्हीवर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे ना, आणि डिमन्सच्या फाइलमध्ये ओएसपीएफडी (ओएसपीएफचा डिमन) समोर येस आहे ना, ते बघून घ्या.

ग्रेसफुल रिस्टार्ट बसवण्याआधी एकदा तसाच प्रयोग करा. डावीकडच्या होस्टवरून उजवीकडे ०.२ सेकंदाच्या अंतराने पिंग लावा आणि ब वर ओएसपीएफडी मारा. पिंग जवळजवळ त्याच क्षणी थांबेल. एफआरआरमध्ये कर्नेलशी बोलणारा झेब्रा हा वेगळा डिमन आहे. ओएसपीएफडीशी असलेला त्याचा धागा तुटला की झेब्रा त्या डिमनचे सर्व मार्ग कर्नेलमधून काढून टाकतो. किती पिंग गेले ते लिहून ठेवा. पुढच्या यशाचे मोजमाप याच आकड्यावरून होणार आहे.

पायरी १: अ आणि क यांना हेल्पर करा

एफआरआरमध्ये हेल्परची भूमिका मुळात बंद असते. दोन्ही शेजाऱ्यांवर कॉन्फिग मोडमध्ये:

राउटर ओएसपीएफ
कॅपॅबिलिटी ओपेक
ग्रेसफुल-रिस्टार्ट हेल्पर एनेबल

शेवटच्या ओळीपुढे एखाद्याचा राउटर-आयडी दिला तर मदत फक्त त्यालाच मिळते. लॅबमध्ये तसेच मोकळे ठेवा.

कॅपॅबिलिटी ओपेक ही ओळ किरकोळ वाटते, पण ग्रेस-एलएसए हा ओपेक एलएसए असल्यामुळे तिच्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. ही क्षमता जोडणी होतानाच डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमधल्या एका बिटने ठरते. म्हणून चालू नेटवर्कवर ही ओळ नव्याने टाकली की जोडण्या एकदा तुटून पुन्हा होतात. व्यत्यय टाळणारी सोय बसवताना एक छोटा व्यत्यय येतोच. तो मेंटेनन्स विंडोमध्ये उरकून घ्या.

पायरी २: ब वर रिस्टार्टची बाजू

राउटर ओएसपीएफ
ओएसपीएफ राउटर-आयडी २.२.२.२
नेटवर्क १०.०.१२.०/२४ एरिया ०
नेटवर्क १०.०.२३.०/२४ एरिया ०
कॅपॅबिलिटी ओपेक
ग्रेसफुल-रिस्टार्ट ग्रेस-पिरियड १२०

राउटर-आयडी हाताने लिहाच. तो आपोआप निवडायला सोडला आणि परत येताना वेगळा निघाला, तर शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा एक अनोळखी राउटर असतो आणि करार ज्याच्याशी झाला तो कधी परतच येत नाही.

ग्रेस पिरियड १ ते १८०० सेकंदांत देता येतो. आकडा न दिल्यास १२० धरला जातो. १८०० ही वरची मर्यादा एलएसए ताजे करण्याच्या अर्ध्या तासाच्या चक्रातून आली आहे. मुदत कशी ठरवायची? डिमन उठायला लागणारा वेळ, कॉन्फिग वाचायचा वेळ, हॅलोचा एक फेरा म्हणजे १० सेकंद, आणि डेटाबेस जुळवण्याचा वेळ. यांची बेरीज घड्याळ लावून मोजा आणि तिच्या तिप्पट ठेवा. लहान नेटवर्कला १२० भरपूर होतात. "असू दे जास्त" म्हणून १८०० लिहू नका. राउटर खरोखरच मेला आणि लिंक मात्र वर राहिली, मध्ये स्विच असला की असे सहज होते, तर शेजारी तेवढा सगळा वेळ पॅकेट अंधाऱ्या विहिरीत ओतत राहतील.

राउटर-राउटर जोडणीच्या इथरनेट लिंकवर, दोन्ही टोकांना, इंटरफेसखाली हेही लिहा:

आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट

यामुळे डेझिग्नेटेड राउटरची (डीआर, म्हणजे सामाईक लिंकवर सर्वांच्या वतीने बोलणारा राउटर) निवडणूकच उरत नाही. नियमाप्रमाणे रिस्टार्टपूर्वी डीआर असलेला राउटर परत आल्यावर डीआरच राहायला हवा आणि हेल्परही त्याला तसेच धरून ठेवतात. पण दोनच राउटर असलेल्या लिंकवर हा सगळा गुंता बाळगायचे कारण नाही.

मग राइट मेमरी. ही पायरी विसरणारे पुष्कळ आहेत. डिमन परत येताना डिस्कवरचे कॉन्फिग वाचतो, मेमरीतले नव्हे. ग्रेसफुल-रिस्टार्टची ओळ जतन झालेली नसेल तर परत आलेल्या डिमनला ती दिसणारच नाही.

पायरी ३: प्रत्यक्ष रिस्टार्ट

पिंग चालू ठेवा. ब वर, कॉन्फिग मोडमध्ये नव्हे, तर बाहेरच्या प्रॉम्प्टवर:

ग्रेसफुल-रिस्टार्ट प्रिपेअर आयपी ओएसपीएफ

या क्षणी ग्रेस-एलएसए निघतात आणि घड्याळ सुरू होते. शेजाऱ्यांची पोच यायला चार-पाच सेकंद द्या. तेवढ्यात अ वर जाऊन बघा:

शो आयपी ओएसपीएफ ग्रेसफुल-रिस्टार्ट हेल्पर डिटेल

ब चा राउटर-आयडी आणि उरलेली मुदत दिसली पाहिजे. खात्रीसाठी शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस ओपेक-लिंक चालवा. लिंक-स्टेट आयडी ३.०.०.० असलेली नोंद म्हणजे ग्रेस-एलएसए. तिथला ३ हा त्याचा ओपेक प्रकार आहे. इथे काही दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. मुदत संपू द्या आणि ओपेक क्षमता दोन्हीकडे चालू आहे का ते तपासा. ब वर ती बंद असेल तर प्रिपेअर कमांड निष्फळ ठरते आणि लॉगमध्ये तशी ओळ येते.

सगळे ठीक असेल तर फक्त ओएसपीएफडी मारा:

सुडो किलऑल ओएसपीएफडी

लगेच ब वर आयपी रूट शो प्रोटो ओएसपीएफ चालवा. डिमन मेलेला असताना मार्ग मात्र जागेवर दिसतील. आख्खी युक्ती या एका दृश्यात आहे. नवख्या सहकाऱ्याला समजावताना हेच दाखवावे. थोड्याच वेळात वॉचएफआरआर हा रखवालदार डिमन ओएसपीएफडीला पुन्हा उभे करील.

प्रयोग लागोपाठ करत असाल तर याच रखवालदाराची एक सवय माहीत हवी. एकाच डिमनच्या दोन रिस्टार्टमध्ये तो मुळात किमान ६० सेकंद राखतो, आणि डिमन वारंवार पडू लागला तर हा अवकाश वाढवत ६०० पर्यंत नेतो. चौथ्या-पाचव्या प्रयोगात डिमन उशिरा उठतो, मुदत टळते, आणि कालपर्यंत चालणारे कॉन्फिग आज बिघडले असे वाटते. दोन प्रयोगांत दहा मिनिटे जाऊ द्या.

पायरी ४: जमले की नाही, हे कसे ओळखायचे

पिंग एकही गेला नाही, तर पहिली खूण मिळाली. ती पुरेशी नाही.

शेजाऱ्यांच्या यादीवरून निष्कर्ष काढू नका. ब परत आल्यावर अ ला त्याच्याशी डेटाबेस नव्याने जुळवावा लागतो, म्हणून अ वर ब ची स्थिती क्षणभर एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज दिसू शकते. ते अपयश नव्हे. हेल्पर आतून कोणत्याही अवस्थेत असला तरी बाहेर, राउटर-एलएसएमध्ये, तो लिंक पूर्ण असल्याचेच सांगतो.

खरी खूण मार्गांच्या वयात आहे. अ आणि क वर शो आयपी रूट ओएसपीएफ चालवा. प्रत्येक मार्गापुढे तो किती वेळापासून आहे ते दिसते. रिस्टार्टनंतरही हे वय जुनेच, तासाभराचे वगैरे, असेल तर शेजाऱ्यांनी मार्ग काढलाच नव्हता. वय शून्यापासून सुरू झाले असेल तर पिंग टिकले तरी करार मोडला होता. शेवटी डेटाबेसमधून ३.०.०.० ची नोंद गेली आहे ना ते बघा. ब ने ग्रेस-एलएसए मागे घेतला, म्हणजे त्याच्या लेखीही काम पूर्ण झाले.

काय बिघडते आणि का

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट एफआरआर. ही कमांड ओएसपीएफडीबरोबर झेब्रालाही खाली आणते, आणि झेब्रा बंद होताना आपण टाकलेले मार्ग कर्नेलमधून काढतो. शेजारी प्रामाणिकपणे वाट बघत असतात आणि इकडे ब कडे तक्ताच नसतो. परिणाम साध्या रिस्टार्टपेक्षा वाईट, कारण शेजाऱ्यांनी वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवलेलीही नसते. पॅकेज अपग्रेड झाले की आख्खी सेवा रिस्टार्ट होते, तेव्हाही हेच घडते. झेब्राला बंद होताना मार्ग राखायला आणि उठल्यावर जुने मार्ग ठरावीक सेकंद ठेवायला सांगणारे पर्याय आहेत: अनुक्रमे -आर (लहान लिपीत) आणि -के (इथे मात्र मोठ्या लिपीत). त्यांच्यावर भिस्त ठेवण्याआधी तुमच्याच आवृत्तीवर लॅबमध्ये वरचा पूर्ण प्रयोग करा.

यंत्र रीबूट करायचे असेल तर ग्रेसफुल रिस्टार्ट वापरूच नका. कर्नेल गेला की तक्ता गेला. तिथे उलटी चाल हवी: रीबूटपूर्वी राउटर ओएसपीएफखाली मॅक्स-मेट्रिक राउटर-एलएसए अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लिहा. वाहतूक आपणहून दुसऱ्या वाटेने जाते, मग निवांत रीबूट करा आणि परत आल्यावर ती ओळ काढा. पर्यायी वाट उपलब्ध असेल तर साध्या डिमन रिस्टार्टसाठीही आम्ही हीच पद्धत सुचवू. ग्रेसफुल रिस्टार्टचा खरा उपयोग जिथे दुसरी वाट नाही किंवा अपुरी आहे, तिथे.

आता टोपॉलॉजीतला बदल. ब गैरहजर असताना एरियात कुठलीही लिंक पडली, किंवा बाहेरून आलेला एखादा मार्ग मागे घेतला गेला, तर त्याची खबर ब पर्यंत पोहोचू शकत नाही. ब जुन्याच तक्त्याने पॅकेट पाठवत राहील, बाकीचे नव्या, आणि पॅकेट गोल फिरू लागतील. हे टाळायला हेल्पर अशा वेळी लगेच करार मोडतो. एफआरआरमध्ये ही कडक तपासणी आपसूक चालू असते. दर अर्ध्या तासाने होणारे एलएसएचे नुसते नूतनीकरण यात मोडत नाही. मजकूर बदलला तरच. जिथे एखादी लिंक सतत वर-खाली होते, तिथे ग्रेसफुल रिस्टार्ट कधी जमते, कधी नाही. प्रिपेअर करण्याआधी शो आयपी ओएसपीएफमध्ये एसपीएफ शेवटचे कधी चालले ते बघा. काही सेकंदांपूर्वी चालले असेल तर आधी ती फडफडणारी लिंक दुरुस्त करा. नो ग्रेसफुल-रिस्टार्ट हेल्पर स्ट्रिक्ट-एलएसए-चेकिंग लिहून तपासणी बंद करता येते, पण तो उपाय नव्हे. लूपची शक्यता तुम्ही स्वतःच्या सहीने मान्य करता, एवढाच त्याचा अर्थ.

दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी रिस्टार्ट करणे चालत नाही. जो स्वतः रिस्टार्टमध्ये आहे तो हेल्पर होऊ शकत नाही. स्क्रिप्टने सर्व राउटरवर एकदम अपग्रेड ढकलणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावे.

एमडी५ ऑथेंटिकेशन (पॅकेट खऱ्या शेजाऱ्याचे आहे का ते तपासण्याची सोय) असेल तर पॅकेटचा क्रमांक पुढेच जायला हवा. तो मागे गेला तर शेजारी पॅकेट टाकून देतो. हा क्रमांक घड्याळावरून निघतो, म्हणून ब वर एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) नीट चालू असू द्या.

बीएफडी (शेजारी गेल्याचे झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावलेले असेल तर पहिले प्रयोग ते काढून करा. बीएफडी काही मिलिसेकंदांत "शेजारी गेला" असे ओरडते आणि ग्रेसफुल रिस्टार्टचे म्हणणे "थांबा" असे असते. रिस्टार्टच्या काळात बीएफडीचे सत्र टिकते की पडते हे वेगळे तपासल्याशिवाय दोन्ही एकत्र लावू नका.

अचानक पडलेला डिमन

वरचे सगळे ठरवून केलेल्या रिस्टार्टचे. डिमन क्रॅश झाला तर प्रिपेअर करायला कुणी नसते. तेव्हा ग्रेस-एलएसए परत आल्यावर पाठवावा लागतो, आणि तोही पहिल्या हॅलोच्या आधी. रिकाम्या यादीचा हॅलो आधी पोहोचला तर शेजारी समजतो की याला मी दिसतच नाही, आणि जोडणी पाडतो. म्हणून एफआरआरच्या नव्या आवृत्त्यांत इंटरफेसखाली आयपी ओएसपीएफ ग्रेसफुल-रिस्टार्ट हॅलो-डिले ही कमांड आहे, मूळ किंमत १० सेकंद. हे सगळे शेजाऱ्याचा डेड इंटरव्हल (हॅलोविना शेजारी मेला असे धरण्याची मुदत), सहसा ४० सेकंद, संपण्यापूर्वी घडायला हवे. डेड इंटरव्हल कमी केलेला असेल तर हिशोब पुन्हा करा. लॅबमध्ये किल -९ ने चाचणी घ्या. क्रॅशनंतरच्या परतीवर विश्वास नसेल तर शेजाऱ्यांवर ग्रेसफुल-रिस्टार्ट हेल्पर प्लॅन्ड-ओन्ली लिहा.

शेजारी दुसऱ्या कंपनीचा असेल तर

जुनिपरच्या जुनोसमध्ये हेल्परची भूमिका मुळातच चालू असते. रिस्टार्टची बाजू राउटिंग-ऑप्शन्सखाली ग्रेसफुल-रिस्टार्ट लिहून सुरू होते. सिस्कोच्या आयओएसमध्ये या सोयीला एनएसएफ म्हणतात आणि तिचे दोन प्रकार आहेत: सिस्कोचा स्वतःचा आणि आयईटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेचा. पहिला ग्रेस-एलएसए वापरत नाही. एफआरआरशी जुळवायचे तर सिस्कोवर एनएसएफ आयईटीएफ हवे.

बीजीपीची (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमधल्या राउटिंग प्रोटोकॉलची) ग्रेसफुल रिस्टार्ट नावाने तीच, रीत मात्र वेगळी. ती जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७२४ मध्ये आहे. तिथे वेगळा निरोप पाठवावा लागत नाही. सत्र उघडतानाच दोघे एकमेकांना क्षमता सांगतात, म्हणून सेटिंग बदलल्यावर सत्र रीसेट केल्याशिवाय ते लागू होत नाही. एफआरआरमध्ये रिस्टार्ट-टाइम १२० आणि स्टेलपाथ-टाइम ३६० सेकंद असतो आणि हेल्परची भूमिका आपसूक मिळते. ओएसपीएफची सवय घेऊन तिकडे गेलात तर या दोन फरकांवर अडाल.

खऱ्या नेटवर्कवर नेताना

पहिल्या मेंटेनन्स विंडोमध्ये सर्व राउटरवर फक्त ओपेक क्षमता आणि हेल्पर चालू करा; जोडण्या एकदा हलतील, तेवढेच. रिस्टार्टची ओळ दुसऱ्या विंडोमध्ये, एका वेळी एका राउटरवर, कडेच्या राउटरपासून मध्याकडे. प्रत्येक राउटरवर प्रिपेअर केल्यावर सर्व शेजाऱ्यांवर हेल्परची नोंद दिसेपर्यंत डिमनला हात लावू नका. चारपैकी एक शेजारी जरी हेल्पर झाला नाही, तर तो लिंक पडल्याचे जाहीर करील आणि त्या बदलामुळे उरलेले तिघेही करार मोडतील. नोंद नसलेला शेजारी सापडला तर डिमन चालूच ठेवून १२० सेकंद जाऊ द्या, त्या शेजाऱ्याचे कॉन्फिग दुरुस्त करा आणि मग पुन्हा प्रिपेअरपासून सुरू करा.